जुन्या मोटरसायकलचं इंजिन बांधताय? गॅस्केट बसवण्याआधी आणि बसवताना काय करायचं

मी पहिलं जुनं इंजिन बांधलं तेव्हा गॅस्केटचा (दोन भागांच्या जोडात बसवायच्या, ऑईल अडवणाऱ्या पातळ पट्ट्यांचा) नवाकोरा सेट आणला, प्रत्येक जोडावर सिलिकॉनची जाड रेघ ओढली आणि अंगात होती तेवढी ताकद लावून बोल्ट आवळले. पंधरा दिवसांत टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला ऑईलचा थेंब लोंबायला लागला. इंजिन परत खोललं. ऑईल पंपाच्या जाळीवर सिलिकॉनचे लाल तुकडे दोऱ्यांसारखे अडकले होते आणि जाळी अर्धी बुजली होती. आणखी काही दिवस गाडी तशीच चालवली असती तर रॉकरपर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपर्यंत, ऑईल पोचलंच नसतं. थेंब दिसला म्हणून इंजिन वाचलं.

त्यानंतर अनेक इंजिनं खोलली, बांधली. आता इतकं नक्की सांगतो, की जोड गळणार की नाही याचा निकाल गॅस्केट पाकिटातून बाहेर काढायच्या आधी लागलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट असतील, आटे शाबूत असतील आणि क्रँककेसमधली (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीतली) हवा बाहेर पडायला वाट असेल, तर पाव मिलिमीटरचा साधा कागदही ऑईल अडवतो. यातलं एक जरी नसेल तर महागात महाग गॅस्केटही हात टेकते. म्हणून खाली तयारीवर जास्त लिहिलंय आणि प्रत्यक्ष चिकटवण्यावर कमी. मुख्यतः फोर-स्ट्रोक इंजिन डोळ्यांसमोर ठेवलंय. टू-स्ट्रोकचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

काय काय जवळ हवं

सगळ्यात आधी तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स लिस्ट मिळवा. इंजिन नंबरवरून वर्ष नक्की करा. नाव तेच असलं तरी वर्षागणिक स्टडची (केसमध्ये रोवलेल्या आटेदार दांड्यांची) जागा, ऑईलची भोकं, कव्हरचा आकार बदललेला असतो, आणि मागच्या-पुढच्या वर्षाची गॅस्केट वरवर पाहता अगदी बरोबर बसते. ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या पुस्तकांत टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा) फूट-पाउंडात असतो. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. हे गणित आधीच करून भिंतीवर चिकटवा, ऐन कामात करू नका.

बाकी सामान:

- लहान आकड्यांचा टॉर्क रेंच (५ ते २५ न्यूटन-मीटर) आणि हेडसाठी (सिलिंडरच्या वरच्या झाकणासाठी) मोठा
- फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणि एक खात्रीची सरळ पट्टी
- ६ ते १० मिलिमीटर जाडीची सपाट काच आणि ४०० व ६०० नंबरचा पॉलिश पेपर
- प्लास्टिकचा किंवा लाकडी खरवडणा आणि दाढीची नवी पाती
- आटे साफ करायचे टॅप, हाताने फिरवायचं काउंटरसिंक (भोकाची कड कोरणारं हत्यार)
- गॅस्केट पेपर (०.२५, ०.४ आणि ०.८ मिलिमीटर) आणि गोल पंचांचा सेट
- व्हर्नियर, मार्कर पेन, रॉकेल, थिनर किंवा ब्रेक क्लीनर, धागे न सोडणारी फडकी
- जाड पुठ्ठे. हे कशाला ते पुढे येईलच

१. खोलण्याआधी गळती कुठून होतेय ते शोधा

गाडी चालू अवस्थेत असेल तर हा टप्पा चुकवू नका. इंजिन बाहेरून डिग्रीजरने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर फुंकरा. चार-पाच किलोमीटर फिरून या. पावडरीवर ऑईलची वाट काळपट ओल्या रेषेसारखी उमटते. ऑईल वाऱ्याने मागे आणि वजनाने खाली जातं, त्यामुळे जिथे डबकं दिसतं तिथे दोष नसतो. ओल्या जागेतलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधा. सिलिंडरच्या बुडाची गॅस्केट गेली असं वाटून इंजिन उतरवलं जातं आणि दोष रॉकर कव्हरचा निघतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

ऑईलची टाकी वेगळी असलेल्या, म्हणजे ड्राय संपच्या इंजिनात आणखी एक गोष्ट तपासा. गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीतलं ऑईल पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. मग किक मारल्यावर ते मिळेल त्या फटीतून बाहेर फेकलं जातं. गाडी उभी राहिल्यानंतरच पहिल्यांदा गळत असेल आणि नंतर कमी होत असेल, तर पंप आणि त्याचा बॉल व्हॉल्व्ह आधी बघा. तो दोष गॅस्केटने सुटत नाही.

२. खोलताना पृष्ठभागाला जखम होऊ देऊ नका

जुन्या इंजिनांच्या जोडांवर सगळ्यात जास्त जखमा स्क्रू ड्रायव्हरच्या असतात. कव्हर निघत नाही म्हणून फटीत टोक घालून कुणीतरी उचकटलेलं असतं. ॲल्युमिनियम मऊ असतं. तिथे जो खड्डा पडतो तो गॅस्केटच्या रुंदीच्या आरपार जातो आणि ऑईलला आयता रस्ता मिळतो.

कव्हर हलत नसेल तर थांबा आणि बोल्ट मोजा. दहातल्या नऊ वेळा एखादा बोल्ट राहिलेला असतो, चिखलाखाली नाहीतर दुसऱ्या एखाद्या भागाच्या आड. सगळे निघालेत याची खात्री झाली की जोडाच्या आसपास हीट गनने ऊब द्या आणि रबरी हातोडीने जाड, भक्कम भागावर हलके ठोके द्या.

पुठ्ठे इथे कामाला येतात. कव्हरचा ढोबळ आकार पुठ्ठ्यावर काढा, बोल्टच्या जागी भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट निघाला की आपापल्या भोकात खोचून ठेवा. एकाच कव्हरला तीन वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असणं नेहमीचंच आहे. आखूड जागी लांब बोल्ट गेला की तो भोकाच्या तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं आवळला, पण कव्हर दाबलंच गेलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे जोर लावला तर तळ फुटतो.

३. जुनं पॅकिंग (म्हणजे जुनी गॅस्केट) काढणं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तिला अख्खा दिवस द्या.

आधी सुरक्षेचं. जुन्या काळच्या गॅस्केटमध्ये, विशेषतः हेड आणि सायलेन्सरच्या, ॲसबेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुप्फुसात गेलेली परत निघत नाही. म्हणून जुनं पॅकिंग कधीही कोरडं घासू नका. आधी ओलं करा, ओलं असतानाच खरवडा, चांगला मास्क लावा आणि निघालेला चुरा पिशवीत बांधून टाका. हवेच्या झोताने उडवू नका.

थिनर किंवा गॅस्केट रिमूव्हर लावून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. मग प्लास्टिकच्या खरवडण्याने काढा. जे उरेल ते दाढीच्या पात्याने, पण पातं पृष्ठभागावर जवळजवळ आडवं धरून. पातं उभं झालं की ओरखडा पडलाच. मशीनवर लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नका. एक तर त्या मऊ धातू खाऊन कडा गोल करतात. शिवाय त्यांतून सुटणारी बारीक खर बेअरिंगमध्ये जाऊन बसते आणि नवं बेअरिंग महिन्याभरात घासून काढते. खरवडायला सुरुवात करण्याआधी इंजिनातली उघडी भोकं, बेअरिंग आणि ऑईलचे मार्ग फडक्याने बुजवा. ती फडकी मोजून लिहून ठेवा.

झालं असं वाटलं की डोळ्यांवर विसंबू नका. थिनरने पुसा आणि बोटाचं नख जोडावरून सगळीकडे फिरवा. डोळ्यांना न दिसणारी चिकट पापुद्र्याची कड नखाला लागते.

४. पृष्ठभाग सपाट आहे का?

सरळ पट्टी जोडावर उभी धरा, मागून टॉर्च लावा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर बघा. ०.०५ मिलिमीटरचं फीलर पातं कुठे खालून सरकतंय का? सरकत असेल तर काम आहे. कव्हर बहुतेकदा बोल्टच्या भोकांपाशी फुगलेलं आणि दोन भोकांच्या मधे खोल गेलेलं सापडतं. वर्षानुवर्षं जास्त आवळल्याची ही खूण. गळतीही नेमकी दोन बोल्टच्या मधूनच होते.

कव्हर आणि रॉकर बॉक्ससारखे भाग तुम्ही स्वतः सपाट करू शकता. काच टेबलावर ठेवा. टेबलही सपाट हवं, नाहीतर काच वाकते. त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर रॉकेलने ओला करून पसरा. कव्हरमधल्या डॉवेल पिना (भाग जागेवर जुळवणाऱ्या खुंट्या) काढून घ्या. जोडाच्या पूर्ण पृष्ठभागावर मार्करने आडव्या-तिडव्या रेघा मारा. आता कव्हर पेपरवर ठेवून इंग्रजी आठाच्या आकारात हलक्या हाताने फिरवा, दहा फेऱ्या झाल्या की कव्हर पाव वळसा फिरवून परत दहा. जोर एका बाजूला पडू देऊ नका. उचलून बघा. जिथल्या रेघा पुसल्या गेल्या तो उंचवटा, जिथल्या राहिल्या तो खोलगट भाग. शेवटची रेघ पुसली गेली की तिथेच थांबा.

पहिल्यांदा हे करताना एका प्रायमरी (क्लचच्या बाजूच्या) कव्हरवर मला दीड तास लागला होता. सुरुवातीला फक्त बोल्टच्या भोकांभोवतीच चमकदार कडी उमटली, जणू कव्हर त्या आठ टेकड्यांवरच उभं होतं. मग हळूहळू त्या कड्या एकमेकींकडे पसरत गेल्या आणि शेवटी सलग राखाडी पट्टा झाला. ते कव्हर आजही गळत नाही.

पण सगळंच काचेवर घासायचं नसतं. क्रँककेसचे दोन भाग जिथे एकमेकांना मिळतात तो जोड कधीही घासू नका. उभ्या चिरलेल्या केसमध्ये, म्हणजे बहुतेक जुन्या ब्रिटिश इंजिनांत, तिथला धातू गेला की क्रँकच्या शाफ्टची आडवी मोकळीक कमी होते. आडव्या चिरलेल्या केसमध्ये, जशी १९६९च्या होंडा सीबी७५० ची आहे, मेन बेअरिंगची भोकं त्या रेषेवरच कापलेली असतात. तिथे घासलं तर गोल भोक गोल राहत नाही. तिथे खड्डा असेल तर तो भाग ॲल्युमिनियम वेल्डिंग आणि मशीनिंग जाणणाऱ्या माणसाकडे न्या. हेडही वाकलेलं असेल तर मशीन शॉपकडे द्या. हेडची जाडी कमी झाली की कॉम्प्रेशन वाढतं, त्याचा हिशोब तिथेच करून घ्या.

उभ्या केसचे दोन भाग जोडल्यावर सिलिंडर बसतो त्या वरच्या तोंडावर बोट फिरवा. डावा आणि उजवा भाग एका पातळीत आहेत का? पायरी लागली तर सिलिंडरच्या बुडाची गॅस्केट त्या जागी गळणारच. दोन भागांमधून वर आलेलं जास्तीचं पॅकिंग किंवा कंपाउंड पात्याने तोंडाच्या सपाटीला कापून टाका.

शेवटी चिरा आणि छिद्राळ ओतकाम. जुन्या ओतकामातून ऑईल थेट धातूतून झिरपू शकतं आणि माणूस मात्र गॅस्केट बदलत बसतो. शंका असेल तर मोकळ्या कव्हरला बाहेरून ओला खडू फासून वाळू द्या आणि आतून रॉकेल लावा. तासाभराने बघा. चीर असेल तर पांढऱ्या खडूवर केसाएवढी गडद रेघ उमटते.

५. आटे: इथेच बहुतेक जण घाई करतात

स्टड किंवा बोल्ट वारंवार जास्त आवळला की भोकाच्या तोंडाशी असलेला पहिला आटा वर ओढला जातो आणि भोकाभोवती धातूची बारीक कड उभी राहते. ती मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते, पण गॅस्केट तिच्यावर टांगली जाते आणि आसपास दबत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक भोकाच्या तोंडावर काउंटरसिंक हाताने दोन-तीन वळसे फिरवा. कड जाईल एवढंच. ड्रिल मशीनला लावू नका.

मग प्रत्येक भोकात टॅप हाताने फिरवून जुना गाळ, कंपाउंड, गंज काढा. एका बाजूने बंद असलेल्या भोकांत ब्रेक क्लीनर मारून हवेने पूर्ण कोरडं करा, चष्मा लावून. बंद भोकात ऑईल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर ऑईलला पळायला जागा नसते. दाब वाढून कास्टिंगला तडा जातो. एका क्रँककेसच्या बाबतीत हे माझ्या हातून झालं, आणि ते भाग पुन्हा मिळवायला खूप महिने गेले.

आटे मेलेले असतील तर लांब किंवा जाड बोल्ट ठोकून वेळ मारून नेऊ नका. तारेचा इन्सर्ट (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. तो नीट बसला तर मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यापेक्षा मजबूत असतो. आणि जो स्टड आरपार जाऊन आतल्या ऑईलमध्ये उघडतो, त्याच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावा. नाहीतर ऑईल आट्यांवरून चढत नटखाली येतं आणि तुम्हाला वाटतं गॅस्केट गेली.

६. ब्रीदर मोकळा आहे ना?

५०० सीसीच्या सिंगल सिलिंडर इंजिनात पिस्टन खाली येताना अर्धा लिटर हवा क्रँककेसमध्ये ढकलतो. ३,००० आरपीएमला हे मिनिटाला ३,००० वेळा होतं. दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होणाऱ्या जुन्या ट्विन इंजिनांतही हाच प्रकार. ती हवा बाहेर जायची वाट, म्हणजे ब्रीदर, मोकळी नसेल तर ती स्वतः वाट काढते, आणि सोबत ऑईल घेऊन येते. मग कुठलीही गॅस्केट टिकत नाही.

ब्रीदरची नळी काढा, आत साचलेली चिखलासारखी घाण साफ करा. एकमार्गी व्हॉल्व्ह असेल तर तो काढून धुवा आणि तोंडाने हवा फुंकून बघा. हवा इंजिनाकडून बाहेर जायला हवी, उलट नाही. काही इंजिनांत ब्रीदरची चकती कॅमशाफ्टबरोबर फिरते. तिचं भोक नेमक्या वेळी उघडलं पाहिजे, त्यामुळे जुळवताना मॅन्युअलमधली खूण पाळा. पिस्टन रिंग झिजल्या असतील तरी क्रँककेसमध्ये दाब वाढतो. सगळीकडूनच ऑईल येत असेल तर संशय रिंगांवर घ्या.

७. कुठल्या जोडाला काय लावायचं

सिलिकॉनबद्दल आधी. सिलिकॉन वाईट नाही, पण ते जाड फटींसाठी, दाबून काढलेल्या पत्र्याच्या कव्हरांसाठी आहे. घासून सपाट केलेल्या दोन धातूंमध्ये ते थांबत नाही, बाहेर आणि आत दाबलं जातं. आत गेलेलं वाळतं, सुटतं आणि ऑईलच्या मार्गात जाऊन बसतं. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगून मऊ पडतं, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या आसपास आणि टू-स्ट्रोकच्या क्रँककेसला ते लावूच नका.

गॅस्केट नसलेला, धातूवर धातू बसणारा क्रँककेसचा जोड: इथे ॲनएरोबिक सीलंट किंवा अर्धवट सुकणारं क्रँककेस कंपाउंड लावा. ॲनएरोबिक सीलंट हवा बंद झाल्यावर आणि धातूला लागल्यावरच घट्ट होतं. त्यामुळे आत दाबला गेलेला थेंब पातळच राहतो आणि ऑईलमध्ये मिसळून जातो. फट पाव मिलिमीटरच्या आत हवी आणि पृष्ठभागावर ऑईलचा अंशही नको. कुठलंही निवडलं तरी एकाच बाजूला, बोटाने पसरून, खालचा धातू अंधुक दिसेल इतका पातळ थर द्या. ऑईलच्या भोकांभोवती दोन-तीन मिलिमीटर जागा कोरडी सोडा.

कागदी गॅस्केट: कव्हरच्या बाजूला न आळणाऱ्या कंपाउंडचा पातळ थर, इंजिनाच्या बाजूला फक्त ग्रीसचं बोट. पुढच्या वेळी कव्हर उघडलं की गॅस्केट कव्हरला चिकटून अखंड निघते आणि परत वापरता येते. क्लच किंवा पॉइंट्ससाठी (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांसाठी) वारंवार उघडाव्या लागणाऱ्या कव्हरांना ही युक्ती फार उपयोगी पडते. न आळणाऱ्यांपैकी निळं हायलोमार जुन्या गाड्यांच्या लोकांत सर्वात परिचित. ते रोल्स-रॉईसच्या सहभागातून विमानांच्या इंजिनांसाठी तयार झालं. लावल्यावर लगेच जोडू नका, थिनर उडून थर चिकट होईपर्यंत दहा मिनिटं थांबा.

रबर मिसळलेल्या कॉर्कच्या गॅस्केटला फार आवळू नका. कॉर्क बाजूला फुगून बाहेर दिसू लागला की तुम्ही पुढे गेलात.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसचा जोड गळला तर ऑईल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. म्हणून तिथे दाबाची चाचणी केल्याशिवाय इंजिन फ्रेममध्ये चढवू नका. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, हातपंपाने सुमारे ०.४ बार दाब द्या आणि सहा मिनिटं काटा बघत बसा. पडत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा.

८. गॅस्केट स्वतः कापायची असेल तर

आधी जाडी. जुनी गॅस्केट व्हर्नियरने मोजा. काही ठिकाणी ती जाडी म्हणजेच माप असतं. ऑईल पंपाच्या झाकणाखाली जाड कागद गेला की गिअर आणि झाकणात फट वाढते आणि ऑईलचा दाब पडतो. गिअरबॉक्सच्या कव्हरखाली शाफ्टची मोकळीक बदलते. सिलिंडरच्या बुडाखाली कॉम्प्रेशन आणि पुशरॉडचं (कॅमचा धक्का रॉकरपर्यंत पोचवणाऱ्या दांडीचं) अंतर बदलतं. या तीन जागी अंदाजाने कागद निवडू नका.

कव्हरच्या जोडावर ऑईलचा अगदी पातळ हात फिरवा, कागदावर दाबा, ठसा उमटतो. कव्हरवर कागद ठेवून हातोडीने कडा ठोकून गॅस्केट कापणारे बरेच दिसतात. तसं करू नका, कड मरते. आधी बोल्टची आणि ऑईलची सगळी भोकं लाकडाच्या ठोकळ्यावर पंचाने पाडा, मग आतली कड, सगळ्यात शेवटी बाहेरची. बाहेरून आधी कापली तर कागद वळवळतो आणि भोकं सरकतात. बसवण्याआधी इंजिनातलं प्रत्येक ऑईलचं भोक गॅस्केटमध्ये उघडं आहे ना, ते एकेक करून बघा. एक भोक राहिलं तर त्या वाटेवरचा प्रत्येक भाग कोरडा चालेल.

वर्षानुवर्षं पाकिटात पडून आकसलेली कागदी गॅस्केट भोकांवर जुळत नसेल तर ताणू नका. ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवा, कागद परत मोठा होतो.

९. हेड गॅस्केट

कॉम्पोझिट (मिश्र साहित्याची) गॅस्केट कोरडीच बसवा, जोपर्यंत मॅन्युअल वेगळं सांगत नाही.

तांब्याची गॅस्केट परत वापरता येते, पण दाबली गेल्यावर तांबं कडक होतं. ते आधी मऊ करायला लागतं. संध्याकाळच्या मंद उजेडात करा, कारण भर उन्हात धातूचा रंग दिसत नाही. गॅस्केट तारेला टांगा, गॅस टॉर्चची ज्योत गोल फिरवत राहा. आधी तांबं रंग बदलतं, मग काळवंडतं, आणि साधारण ६०० अंश सेल्सिअसला मंद लाल होतं. एका जागी ज्योत धरली तर वितळून भोक पडेल. सगळीकडे लाली फिरून आली की पाण्यात सोडा. पोलादासारखं तांबं पाण्यात कडक होत नाही, आणि वरची काळी खपली पाण्यात गळून पडते. बाहेर काढल्यावर ती हातात लुळी पडायला हवी. अजून टणक वाटली तर पुन्हा तापवा. बारीक पेपरने पुसून घ्या. ड्रेन प्लग आणि बँजो बोल्टखालच्या (ऑईलच्या नळीच्या पोकळ बोल्टखालच्या) तांब्याच्या वॉशरलाही हाच उपाय.

पुशरॉडच्या नळ्या हेडखाली रबरी सीलवर दाबल्या जातात अशी इंजिनं असतील, जशी ट्रायम्फची जुनी ट्विन, तर तिथे एक खास अडचण आहे. सील जाड असतील तर हेड नळ्यांवरच टेकून राहतं आणि गॅस्केट पुरेशी दाबली जात नाही. सील पातळ असतील तर तिथून ऑईल येतं. म्हणून नळ्या, सील आणि गॅस्केट ठेवून हेड नुसतं वरून बसवा, न आवळता, आणि हेड व गॅस्केटमधली फट फीलरने मोजा. साधारण पाऊण ते एक मिलिमीटर फट असेल तर सील योग्य दाबले जातील.

१०. आवळणं

मधल्या बोल्टपासून सुरू करून समोरासमोर, बाहेरच्या दिशेने जा. पूर्ण टॉर्क एकदम देऊ नका. आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. आटे जुने असतील तर मी ८ वर थांबतो. मॅन्युअलमध्ये आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑईल लावलेल्या, ते वाचा. ऑईल लावलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट बराच जास्त ताणला जातो.

हाताला एक गोष्ट शिकवा. चांगला आटा आवळताना जोर सारखा वाढत जातो. बोल्ट फिरतोय पण जोर वाढत नाही, हाताला मऊ लागतंय असं वाटलं की त्या क्षणी थांबा. आटा निघायला लागलाय. तेव्हाच सोडवून इन्सर्ट बसवला तर अर्ध्या तासाचं काम आहे.

११. ऑईल सील

सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑईलकडे. ओठाला ग्रीस लावा. शाफ्टवर दाते किंवा चावीची खाच असेल तर त्यावर गुळगुळीत टेप गुंडाळून मगच सील सरकवा, नाहीतर ओठ कापला जातो आणि बाहेरून कळतही नाही. शाफ्टवर जुन्या सीलने खोबण पाडली असेल तर नवा सील एक-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवता येतो का बघा.

१२. सुरू करण्याआधी आणि नंतर

कंपाउंडला पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या. सिलिकॉन वापरलं असेल तर २४ तास. मग इंजिन बाकावर असतानाच ऑईल भरा, खाली कोरं वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर ठेवा. फ्रेममध्ये चढवलेलं इंजिन परत उतरवण्यापेक्षा हे फार सोपं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर नीट गरम होऊ द्या, बंद करा आणि रात्रभर थंड होऊ द्या. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट परत तपासा, एकावेळी एकच नट पाव वळसा सैल करून पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आणा. सगळे एकदम सैल करू नका. हेड थोडं खाली बसतं, त्यामुळे पुशरॉडच्या इंजिनात टॅपेटची (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) फट कमी होते. ती त्याच बैठकीत परत लावा, नाहीतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बंद न होता जळतो. साधारण ५०० किलोमीटरला हेच सगळं पुन्हा एकदा करा आणि त्या दिवशी ऑईलही बदला. काढलेलं ऑईल पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि फडक्यावर कंपाउंडचे तुकडे दिसतात का ते उजेडात धरून बघा. दिसले तर पंपाची जाळी त्याच दिवशी उघडा.